एमडीएफच्या देवघराच्या कडा खरबरीत राहिल्या: आता वरून आणखी रंग मारावा का?

साताऱ्याहून आलेला तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही घरीच १८ मिमी एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं) देवघर आणि त्याखाली दोन दारांचं कपाट केलं. पांढरा ऑइल पेंट आणून ब्रशनं दोन हात मारले. समोरून बरं दिसतं, पण कडा गोणपाटासारख्या लागतात, ब्रशचे पट्टे दिसतात आणि स्क्रूच्या जागा उठून आल्यात. आणखी दोन हात मारले तर हे झाकेल का, की त्याच्यावरच दुकानातल्यासारखा पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून फवारायचा रंग) मारून घ्यावा? आणि हळदीचे डाग पडायला लागलेत, त्यांचं काय करायचं?

नाही झाकणार. आणखी दोन काय, चार हात मारले तरी कड तशीच राहील, उलट रंगाचा थर जाड होऊन कोपऱ्यांवर मणी धरेल. रंगाचा यात काही दोष नाही, तुमच्या हाताचाही फारसा नाही. कडेची तयारी राहून गेली, एवढंच.

मी सांगलीत फर्निचरच्या रंगकामात चोवीस वर्षं आहे. मामाच्या हाताखाली ऑइल पेंटपासून सुरुवात केली, पुढं ड्युको (गनने फवारायचा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग) शिकलो, आता बहुतेक काम पीयूचं. या काळात दुरुस्तीला आलेली एमडीएफची जेवढी कामं पाहिली, त्यातली निम्म्याहून जास्त कडेवरच बिघडलेली होती. म्हणून उत्तरातही कडेलाच जास्त जागा देतो.

एमडीएफची टाकाऊ पट्टी घ्या आणि कापलेल्या कडेवर नख दाबून बघा. वरच्या आणि खालच्या अंगाला नख रुतत नाही, मधोमध मात्र रुततं. लाकडाचे बारीक तंतू आणि युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद एकत्र करून गरम प्रेसखाली दाबतात, तेव्हा दोन्ही बाजूंची कातडी घट्ट होते आणि पोट त्या मानानं सैल राहतं. करवत चालली की ते पोट उघडं पडतं. मग चहात बुडवलेल्या टोस्टासारखं ते रंग पितं. पातळ भाग आत मुरतो, तंतू फुगून उभे राहतात आणि त्या उभ्या लवेवरच रंग वाळतो. तुमच्या बोटाला खरबरीत लागतं ते रंगानं ताठ झालेले तंतू आहेत. आमच्या पोरांना मी सांगतो, शीट एक दिसली तरी माल दोन आहेत. राउटरनं काढलेली नक्षी, दारावरच्या खाचा, बिजागरीसाठी पाडलेली भोकं, हे सगळं कडेतच धरायचं, कारण तिथंही पोट उघडं आहे.

पीयूचं आधी सांगून टाकतो. ऑइल पेंटवर पीयू मारू नका. पीयूचा थिनर जहाल असतो, खालचा ऑइल पेंट तो उचलतो आणि दहा-पंधरा मिनिटांत दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. पीयूच हवा असेल तर सगळा ऑइल पेंट घासून मूळ बोर्डापर्यंत जावं लागेल. घरच्या कामाला माझा सल्ला असा की ऑइल पेंटच ठेवा आणि तोच नीट करा. रंग काढायचं रिमूव्हर अजिबात वापरू नका. पत्र्याला ते ठीक आहे, एमडीएफच्या कडेत मात्र ते मुरतं आणि पुढं महिनोन्‌महिने वरच्या रंगाला त्रास देतं.

पृष्ठभागावरचा रंग सगळा काढायची गरज नाही. लाकडी ठोकळ्याला २४० चा पॉलिश पेपर गुंडाळा (आकडा मोठा तेवढा पेपर बारीक) आणि ब्रशचे पट्टे बसेपर्यंत, चकाकी जाईपर्यंत घासा, मग ३२० फिरवा. घासताना पेपरवर रंगाच्या गोळ्या धरायला लागल्या तर रंग आतून ओला आहे असं समजा आणि आठवडाभर थांबा. बोर्ड जिथं उघडा असेल तिथं जोर लावू नका. वरची घट्ट कातडी घासून गेली की तिथंही कडेसारखंच पोट निघतं, आणि मग मोठ्या पृष्ठभागावर मधेच मळकट चट्टा दिसत राहतो.

कडा मात्र पूर्ण उघड्या करायच्या. १२० च्या पेपरनं, ठोकळा लावूनच. बोटांनी घासलं तर कड पोटात खोलगट होते आणि उजेडात लाट दिसते. करवतीच्या रेघा गेल्या की १८०, मग २४०. त्यानंतर एक छोटं काम, जे नव्वद टक्के लोक सोडतात: धार मोडायची. काटकोनी धारेवर कुठलाच ओला रंग टिकत नाही, तो दोन्ही बाजूंना सरकतो आणि धारेवर पापुद्र्याएवढाच उरतो. पुढं फडकं फिरवताना पहिला रंग तिथूनच निघतो. २४० चा पेपर हातात धरून धारेवरून तीन-चार वेळा फिरवा, जराशी गोलाई आली की बास. डोळ्याला ती जाणवणारही नाही, बोटाला जाणवेल.

आता कड बंद करायची. तुमच्यासाठी मी चपडी, म्हणजे पॉलिशची लाख, सुचवेन. मिरजेत सतारमेकर गल्लीतून गेलात तर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर कापडाच्या बोळ्यानं पॉलिश चढवताना कारागीर दिसतील, ती हीच लाख. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एमडीएफच्या कडेला चपडी लावलेली पाहून त्या कारागिरांना हसू येईल, पण काम चोख होतं. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये साधारण १५० ग्रॅम चपडी काचेच्या बरणीत टाका आणि झाकण लावून ठेवा. विरघळली की दोन-तीन दिवस न हलवता राहू द्या, लाखेतलं मेण तळाला बसतं. वरचं निवळ घ्या. कडेवर पहिला हात मारला की बघता बघता आत नाहीसा होईल, तसा तो व्हायलाच हवा. अर्ध्या-पाऊण तासानं दुसरा. तो वाळला की कडेवरून बोट फिरवा, नव्या टॉवेलसारखी लव लागेल. ती २४० नं अलगद कापायची, जोर न लावता. मग तिसरा हात. आडव्या उजेडात कडेवर सगळीकडं सारखी चमक दिसली तर कड भरली. मधेच मंद पट्टा दिसला तर तिथं अजून तहान आहे, चौथा हात द्या.

चपडीऐवजी एनसी सँडिंग सीलर चालतो, रीत तीच. काही सुतार फेविकॉल पाण्यात पातळ करून कडेला लावतात. निभतं, पण पाण्यानं कड आधी फुगते, मग ती पूर्ण वाळवून परत घासत बसावं लागतं. मी करत नाही. पीयू मारणाऱ्यांनी मात्र या कशाच्याच वाटेला जाऊ नये. खाली पीयू सीलर, वर पीयू सर्फेसर (पृष्ठभाग सपाट करणारा जाड प्रायमर), वर पीयू, एकाच घराण्यातलं.

भिंतीची पांढरी पुट्टी. आपल्याकडची सगळ्यात सर्रास चूक हीच. घर रंगवणारे रंगारी हातात असतील ती पुट्टी एमडीएफच्या कडेला ओढतात. ती सिमेंटची, पाण्यात कालवायची. पाणी कड फुगवतं, पुट्टी वाळून कडक होते, कड नंतर आकसते आणि वर्षाच्या आत खपली निघते. लाकूडकामाला ऑइलची लांबी (तेलातली पुट्टी), एनसी पुट्टी किंवा गॅरेजवाले गाडीला भरतात ती हार्डनरवाली पुट्टी, यातलंच काहीतरी घ्या.

तुमच्या स्क्रूच्या जागा उठल्यात त्याला हार्डनरवाली पुट्टी बरी. उठण्याचं कारण बहुधा असं की आधी भोक न पाडता स्क्रू पिळला, तेव्हा भोवतीचा बोर्ड वारुळासारखा वर आला. ते टेकाड पटाशीनं तासून सपाटीच्याही थोडं खाली न्या, स्क्रूला आणखी अर्धा पिळा द्या, मग भरा. १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅमच्या आसपास हार्डनर पुरतो, वाटाण्याएवढा. जास्त घातला तर हातातच दगड होतो. अर्ध्या तासात ती घासण्याजोगी होते आणि नंतर फारशी बसत नाही. एनसी पुट्टी थिनर उडून वाळते, म्हणून जाड भरली की महिन्यानं खड्डा दिसतो.

जोडाबद्दल माझी एक फजिती सांगतो. विश्रामबागेत एका घरी काळ्या ग्लॉसचा वॉर्डरोब केला होता. बाजूच्या फळीची कड समोरून येत होती, तिचा वरच्या फळीशी जोड पुट्टीनं भरून, घोटून, असा नाहीसा केला की मालकीणबाईंना दाखवून मी मिरवलो. दिवाळीत सगळं आरशासारखं. गुढीपाडव्याला फोन आला. गेलो तर त्यांनी काही न बोलता फक्त बोट फिरवलं, आणि बोटाखाली केसाएवढी सरळ रेघ होती, वरपासून खालपर्यंत. पुट्टी फुटली नव्हती, रंगही निघाला नव्हता. एमडीएफ हवेतला ओलावा घेऊन-सोडून जाडीत जास्त हलतो, लांबी-रुंदीत कमी. कडेला जिथं जाडी समोर येते आणि शेजारी पृष्ठभाग असतो, तिथं दोघांची हालचाल वेगळी, आणि रेघ उमटते. दोनदा स्वखर्चानं परत मारलं, दोन्ही वेळा उमटली. तेव्हापासून मी जोड लपवत नाही, तिथं मुद्दाम दोन मिमीची खाच ठेवतो. गिऱ्हाइकाला ती डिझाइन वाटते. तुमच्या कपाटाला आता खाच काढणं अवघड असेल तर जोडावर बारीक लाकडी पट्टी मारा आणि पट्टीच रंगवा.

यानंतर प्रायमर. टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा पांढरा वुड प्रायमर घ्या. पाण्यातला प्रायमर उघड्या एमडीएफवर पहिला हात म्हणून नको. दोन हात, मधे रात्रभर वाळण. पहिला हात वाळला की आणखी एक कसरत करायची, जी आमच्या कारखान्यात मी कुणालाच चुकवू देत नाही. काळ्या रंगाचा स्प्रेचा डबा घ्या आणि दीड-दोन फुटांवरून पृष्ठभागावर अगदी विरळ भुरभुर करा, पांढऱ्या धोतरावर शाईचे शिंतोडे उडावेत तेवढीच. वाळली की ठोकळ्याला ३२० चा पेपर लावून घासा. काळं जिथं शिल्लक राहतं तिथं खड्डा आहे, आणि काळ्यासकट प्रायमरही जाऊन बोर्ड दिसायला लागला तिथं टेकाड. एरवी शंभर वेळा हात फिरवून जे कळत नाही ते इथं डोळ्याला दिसतं. खड्ड्यांत लांबीची पातळ पट्टी ओढा, टेकाडं ठोकळ्यानं बसवा, मग दुसरा हात. नवीन पोरगा आला की पहिले दोन महिने मी त्याला फक्त हेच देतो. बरेच कंटाळून जातात, राहतात ते पुढं चांगले होतात.

घासताना कडेवर प्रायमर फुटून बोर्ड उघडा पडला तर तसाच रंग मारायचा मोह होतो. नको. तेवढ्या जागी चपडीचा हात, वर प्रायमरचा, मगच पुढं. आणि या सगळ्या घासाईत नाकाला साधा रुमाल नको, एन-९५ मास्क लावा. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते आणि तिच्यात गोंदही असतो.

रंगासाठी ब्रश ठेवून द्या. चार इंची फोमचा किंवा बारीक लवेचा रोलर आणा. रंग जुन्या नायलॉन साडीच्या तुकड्यातून गाळा, त्यात शंभराला पाच ते दहा भाग टर्पेंटाइन घाला. दारं बिजागरीवरून काढून आडवी ठेवा, उभ्या दाराला ओघळ येणारच. रोलरनं रंग सारखा पसरला की शेवटी जवळपास कोरडा रोलर, नुसत्या त्याच्या वजनानं, एकाच दिशेनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग हात मागं घ्या. रंग ओढायला लागल्यावर राहिलेलं एवढंसं सुधारायला गेलात की तिथंच डाग. दोन पातळ हात, मधे २४ तास आणि ४०० चा हलका पेपर. हे काम सकाळी करा. खोलीत आधी जमिनीवर पाण्याचा सडा टाका म्हणजे धूळ बसते, आणि पंखा बंद ठेवा. पंखा चालू ठेवून लवकर वाळवायला गेलेल्यांच्या रंगात डास आणि केस मी पुष्कळ पाहिलेत.

ग्लॉसपेक्षा सॅटिन घ्या, हे आग्रहानं सांगतो. ग्लॉस आरशासारखा असतो, खालची प्रत्येक चूक तो दुप्पट करून दाखवतो. सॅटिनमध्ये उन्नीस-बीस खपून जातं. आणखी एक: पांढरा ऑइल पेंट अंधारात पिवळा पडतो, विशेषतः बंद कपाटाच्या आत. आतल्या बाजूला म्हणून हलका राखाडी द्या, किंवा ऑइल प्रायमर पूर्ण वाळल्यावर वरून पाण्यातला ॲक्रिलिक इनॅमल द्या. तो पिवळा पडत नाही. कड आधीच बंद झालेली असल्यानं आता त्यातल्या पाण्याची भीती नाही.

ज्यांच्याकडं कॉम्प्रेसर आहे आणि पीयू मारायचाच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. वरच्या रंगाला १.३ ते १.४ मिमीचा नोझल, फवारणीच्या गनजवळ ३० पीएसआयच्या आसपास दाब, अंतर वीतभर, आणि आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढत जाईल असा हात. मनगट फिरवू नका, खांद्यातून अख्खा हात चालवा. रंग-हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजपंचे नाही. टाकीतलं पाणी रोज सोडा, नाहीतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे येतात. एप्रिल-मे मध्ये सांगलीच्या उन्हात फवारा हवेतच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा लागतो. तेव्हा सावकाश उडणारा थिनर घ्या किंवा सकाळी नऊच्या आत उरका. पावसाळ्यात उलट. पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी भिडला की वायू सुटतो आणि बुडबुडे राहतात. एनसी असेल तर पांढरी झाक धरते. साताऱ्यात पाऊस आमच्यापेक्षा जास्त, आषाढ-श्रावणात तिथं फवारणीची घाई करूच नये. आणि पीयूच्या हार्डनरला नुसता कापडी किंवा धुळीचा मास्क चालत नाही, कार्ट्रिजवालाच लागतो. दम्याचा त्रास असणाऱ्यानं पीयूच्या फवारणीला हातच लावू नये. आमचा एक चांगला कारागीर त्यापायीच काम सोडून गेला.

तुमच्या कपाटाकडं परत येतो. दारांच्या आतल्या बाजूलाही बाहेरच्याइतकेच हात मारा. एकाच बाजूला रंगाचा जाड थर असला तर दुसरी बाजू ओलावा पीत राहते आणि दार कमानीसारखं वाकतं. आणि कपाटाची जमिनीला टेकणारी कड. ती कुणी बघत नाही म्हणून कुणी रंगवतही नाही, फरशी पुसण्याचं पाणी मात्र रोज तिथूनच चढतं. कपाट आडवं पाडा, तळाच्या कडेला चपडीचे चार हात आणि रंगाचे दोन द्या, खाली इंचभर उंचीचे पीव्हीसीचे पाय लावा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा सागाची जुनी कपाटं धुऊन-वाळवून परत उभी राहिलेली मी पाहिली. एमडीएफचं एकही राहिलं नाही. फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही, हे फरशीच्या पाण्यालाही तितकंच लागू आहे.

रंग झाल्यावर देव लगेच मांडू नका. ऑइल पेंट हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. त्याआधी पितळी ताम्हन ठेवलं तर ते चिकटून उचलताना गोल ठसा घेऊन येईल. समईखाली रंगवलेला एमडीएफ उघडा ठेवू नका, ग्रॅनाइटचा किंवा काचेचा तुकडा बसवा. वरच्या फळीपर्यंत ज्योतीची आच पोचत असेल तर तिथंही स्टीलचा पातळ पत्रा द्या.

हळदीचं सांगायचं तर आम्ही हळदीच्या गावातच राहतो, इथं हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. मॅट पांढऱ्यावर हळद मुरते, सॅटिनवर बऱ्यापैकी पुसली जाते. तरी राहिलेला पिवळा डाग घासू नका, घासलं की तेवढाच भाग चकचकीत होऊन वेगळा दिसतो. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. साबणाच्या ओल्या फडक्यानं एकदा पुसा आणि ते दार काढून दोन-चार दिवस गॅलरीत उन्हाकडं तोंड करून ठेवा. देवघर जागचं हलत नसेल तर निदान दुपारी तिकडची खिडकी उघडी राहू द्या, थोडा जास्त वेळ लागेल.